बेचाळीस पावलं

भट्टीपासून शेवटच्या साच्यापर्यंत
बेचाळीस पावलं.
बावीस वर्षं मोजली मी.
लेडलच्या दांड्याला पुढं रंगराव, मागं मी,
मधे लिंबासारखं पिवळं, पातळ बीड,
आणि सांडू नये म्हणून धरलेला श्वास.

मगदूमांची पद्मजा खडू घेऊन आली.
दोन दिवस नुसती आमच्या मागनं चालली,
फरशीवर रेघा ओढत.
तिसऱ्या दिवशी म्हणाली,
"इलाहीकाका, एवढं तापवता कशाला?"
म्हटलं, चालावं लागतंय, पोरी.
पंधराशे वीसला काढावं
तवा साच्याच्या तोंडाशी चौदाशे उरतंय.
पावलामागं तीन अंश
शिरोलीच्या हवेला.

तिनं वहीत लिहिलं नाही काही.
भिंतीकडं बघत राहिली.

भिंत कुणासाठी होती, कुणालाच आठवेना.
मग जुना हेल्पर बोलला:
थोरल्या मालकांनी एक लेथ आणलं होतं,
त्याला वाळू लागू नये म्हणून.
लेथ भंगारात जाऊन एक तप झालं.
भिंत राहिली.
आम्ही वळसा घालत राहिलो,
भट्टी वळशापुरती जास्त पेटत राहिली,
कुठल्यातरी वीजकेंद्रात
त्या वळशासाठी कोळसा जळत राहिला.

मालक म्हणत होते, छपरावर सोलर लावू,
गेटवर हिरवा बोर्ड लावू.
ती म्हणाली, लावा की. पण आधी ही भिंत.

बिडात कार्बन लागतोच.
शंभराला साडेतीन, कमी पडला
तर ओतीव ठिसूळ होतंय, गिऱ्हाईक परत पाठवतंय.
आत घालायचा तो आम्ही
सोनाराच्या काट्यानं मोजत होतो.
बाहेर सोडायचा तो
कधी मोजलाच नाही.

भिंत पडली. साचे भट्टीजवळ सरकले.
आता अकरा पावलं.
चौदाशे पस्तीसला काढतो आम्ही.
पहिल्या दिवशी मला भीती वाटली,
इतकं गार बीड साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचंल का!
पोचलं. साचा फोडला, कडा सुरेख.

कॉम्प्युटरची खोलीही तिनं
पश्चिमेच्या उन्हातनं काढून उत्तरेला नेली.
एसीची घरघर निम्म्यावर आली
तेव्हा हिशेबनीस चौगुल्यांना कळलं
की बाहेर बाभळीवर साळुंक्या असतात.
लाइटबिल ते आता दोनदा वाचतात,
चष्मा पुसून.

पडलेल्या भिंतीच्या जागी
दुपारी वारा येतो, जोतिबाच्या डोंगराकडनं.
तिथं बसून भडंग खातो आम्ही.

एकच अडचण आहे.
अकराव्या पावलाला थांबायचं असतं,
आणि रंगरावचा खांदा
अजून डावीकडं झुकतो,
नसलेल्या भिंतीला
वाट देत.