हातचा

बेरीज शिकवताना बाई सांगायच्या,
हातचा एक बोटाच्या पेरावर धरून ठेवा,
पुढच्या घरात मिळवेपर्यंत.
मिळवायचा राहिला की पाटीवर फुली
आणि प्रश्न : हातचा कुठे गेला?

हेलसिंकीत, चौकशी समितीसमोर,
मला हेच विचारलं. जरा सभ्य शब्दांत.
पाण्याचा ग्लासही ठेवला होता.

मी आउने कोसकेला. नोंदणी विभाग, दुसरा मजला.
वीस वर्षं माणसांची नावं लिहिते.
चौथ्या मजल्यावर सागरी खात्यात गुन्नेल,
मारीहाम्नची. आकडे स्वीडिशमध्ये मोजते,
भांडते मात्र फिनिशमध्ये.
दर गुरुवारी कॅन्टीनला वाटाण्याचं सूप,
एकच टेबल, मोहरीची एकच बाटली.
तिचा गुडघा, माझ्या भावाची दारू,
तिच्या मांजरानं फाडलेला पडदा,
सगळं एकमेकींना पाठ.
कामाचं तेवढं नाही.
झाकली मूठ दोघींची,
आणि दोघींना वाटायचं, आपलीच सव्वा लाखाची.

तिच्या मुठीत : एका माणसानं
मासेमारीची जुनी बोट रोखीनं घेतली.
माझ्या मुठीत : एका माणसानं
बंदरामागचं गोदाम दोन महिने भाड्यानं घेतलं.
माणूस एकच. श्चेग्लोव.
रशियन लिपीत त्याच्या नावाचं पहिलं अक्षर
तीन दातांच्या कंगव्यासारखं, उजवीकडे बारीक शेपूट.
फिनिश ते तीन अक्षरांत लिहिते,
गुन्नेलची भाषा चार.
मार्चमध्ये मी वरच्या मजल्याला रीतसर विचारलं,
या नावाचं काही आहे का?
अकरा दिवसांनी उत्तर आलं, शिक्क्यासकट :
निरंक.
खोटं नव्हतं ते.
मी लिहिलं तसं नाव त्यांच्याकडे खरंच नव्हतं.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी आम्ही सूप प्यायलो,
त्याच रात्री गोदाम जळालं.
पहारेकऱ्याचं नाव एर्क्की हुओविनेन.
ते मात्र सगळ्यांच्या कागदांत
अगदी सारखंच लिहिलेलं आहे.

अहवालाची पानं दोनशे चाळीस, निम्मी काळी केलेली.
वाचता आली त्यांत लिहिलं होतं : भिंती पाडा.
पाडल्या. आता एकच यादी. कसंही लिहा,
तीन अक्षरांत, चार अक्षरांत, चुकून दोनात,
पडद्यावर सगळे श्चेग्लोव रांगेत उभे राहतात.
पहिल्या दिवशी साहेबांनी केक आणला.
गुन्नेल म्हणाली, इतकं सोपं होतं?
आणि केक तसाच ठेवून जिना चढून गेली.

नोव्हेंबरमध्ये फेरीच्या धक्क्यावर एक श्चेग्लोव अडवला.
पियानोचे सूर लावणारा, विबोर्गचा.
नऊ तास बसवला. त्याचा सूरकाटा
प्लास्टिकच्या पिशवीत बंद, वर क्रमांक.
मी फाईल उघडली : सहा खात्यांचा दुजोरा.
उलटी वाचत गेले, सहाव्याकडून पाचव्याकडे,
पाचव्याकडून चौथ्याकडे...
सहाही जणांनी एकमेकांचंच वाचलेलं.
तळाशी एकच ओळ, तीही माझी,
शेवटी प्रश्नचिन्ह असलेली.
वर जाता जाता प्रश्नचिन्ह कुठेतरी गळलं.
हातचा सहादा मिळवला तरी
गणित चुकतंच, बाई.

यादी तशीच चालू आहे, ती हवीच.
पण गुरुवारी गुन्नेल लिफ्ट सोडून
दुखऱ्या गुडघ्यानं दोन जिने उतरते,
हातात आठवड्याची नावं.
सूप येईपर्यंत ती एकेक नाव मोठ्यानं वाचते.
कागदावर सात तऱ्हेनं लिहिलेलं
तोंडात एकाच तऱ्हेचं होतं.
मी विचारते, हे तुला कुणी सांगितलं?
ती विचारते, आणि त्याला कुणी?
शेजारच्या टेबलावरचे लोक
आता आपापल्या थाळ्या घेऊन लांब बसतात.

एर्क्कीचं नाव आम्ही वाचत नाही.
मोहरी संपली की दोघीही एकदमच उठतो.