दाढ

आधी तिची दाढ काढली गेली.
वर्सोव्याच्या एका गाळ्यात, तीनशे रुपयांत.
कापसाचा बोळा दाताखाली धरून
ती परत टोपलीपाशी जाऊन बसली,
कारण बोंबील आले होते
आणि बोंबील थांबत नाहीत कुणासाठी.

जबडा दुखायचा राहिला नाही.

तिसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर आडवी झाली.
मी ईसीजी काढते, पालिकेच्या दवाखान्यात.
बारा लीड, थंड जेल,
एकाच कडीवर लोंबणारा पडदा.
ती म्हणाली, "हाताला वास हाय गो बाय."
म्हटलं, मशीनला नाक नसतं.

कागद सरकत बाहेर आला.
रेघ खाली यायची तिथे आलीच नाही.
कुणी वल्हं उचलावं
आणि पाण्यात टाकायचं विसरावं, तशी वरच राहिली.
मला रेघ वाचता येते. सांगायची परवानगी नाही.
पळायची आहे.
मी पळाले.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.
परवा पहाटेपासून, धक्क्यावर.
नवरा म्हणाला गॅस, सोडा पाजला.
सून म्हणाली दाढ.
मग वाटे विकायचे होते.
मग रविवार होता.
कुणाला बोल न लावता, भाव सांगावा तसं
ती सांगत गेली.

पुस्तकातला झटका एखाद्या साहेबाला येतो:
छातीवर मूठ, घाम, खुर्चीवरून खाली.
बायकांचा पाठीत येतो, जबड्यात येतो,
भाकरी थापताना हात जड होतात
आणि घरात कुणी म्हणतं, पड थोडी.

आधारवर नाव द्रौपदी पागधरे,
रेशनकार्डावर दुरपदी.
योजनेच्या खिडकीपाशी त्या एका नावापायी
अख्खी रात्र गेली.
सकाळी स्टेंट बसला.
हृदयाचा एक तुकडा मात्र
रात्रीच निघून गेला होता.
"पुन्हा येत नाय काय तो?" तिनं विचारलं,
आणि तिचं तिनंच उत्तर दिलं, "दाढेसारखा."

तीन महिन्यांनी आली. पंप पस्तीस टक्के.
पाचातल्या दोन गोळ्या बंद,
बरं वाटलं म्हणून.
एक महाग म्हणून दिवसाआड.
सुकट सोडली का, विचारलं तर हसली,
तेव्हा ती मोकळी जागा दिसली.
"सुकट सोडून काय कापूस खाऊ?"
मी गोळ्यांच्या पाकिटांवर
सूर्य काढले, चंद्र काढले.
तिला वाचता येत नाही, हे
तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

परवा भांडी घासताना माझा जबडा दुखला.
मी घड्याळ पाहिलं. रविवार.
आधी वाटलं, भात तरी होऊ दे.
मग गॅस बंद केला, रिक्षा केली,
माझ्याच खोलीत माझ्याच पलंगावर पडून
स्वतःला बारा लीड लावले.
थंड जेल किती थंड असतं
ते नऊ वर्षांत पहिल्यांदा कळलं.

रेघ नीट आली.
ड्यूटीवरच्या डॉक्टरांना कागद दाखवला,
त्यांनी सहा तासांनी पुन्हा काढायला लावला.
पुन्हा नीट.

दाढच होती.