अर्धा आकडा

लाल रंगाचा डबा आणि बॅटरी घेऊन
झालेवेके रात्रीच निघाला.
चॉइसलच्या खाडीत जहाज थांबलंय;
उजाडता करवती येतील, त्याआधी
खोडांवर आकडे हवेत.

चाळीस. एक्केचाळीस.
मग तो वड, दुसऱ्याला कवटाळून वाढलेला,
आतलं झाड कधीच मेलेलं.
लाकूड कुचकामी, पण रस्ता इथूनच जाणार.

चार काढला,
आणि ढोलीतून फिस्स झालं.

सापसुरळी.
हातभर लांब, शेवाळी,
शेपटीचा वेढा फांदीला, जणू पाचवा पाय.
पोटाशी एकुलतं पिल्लू,
एवढं मोठं की आत मावलं कसं
तिचं तिला ठाऊक.

बाप सांगायचा, ही रात्री चरते,
अळवासारख्या खाजऱ्या वेलाची पानं.
तोच तिला शेपटीला धरून ओढायचा,
निखाऱ्यावर टाकायचा,
पहिला घास ह्याला.
चव अजून जिभेवर आहे.
लाज तेव्हा वाटली नव्हती, आताही नाही;
तोंडाला पाणी सुटलं
आणि गिळताना अडलं, एवढंच.

पिल्लू पुढे सरकलं,
ओल्या चारवर पाय देऊन
वर चढलं.
बॅटरीच्या उजेडात सालीवर
बोटाबोटांची लाल नक्षी,
पुढे नुसता अंधार आणि पानं.

सकाळी मुकादमाने मोजलं.
"बेचाळीस कुठाय?"
"रंग संपला."

मुकादम रागावला नाही.
जीपमधून नवा डबा काढला,
झाकण स्वतःच उचकटून
ह्याच्या हातात दिला.