जिभेखाली

तुर्भे स्टोअरच्या मागे, दवाखान्याच्या खिडकीत
मी रोज साडेनऊला गोळी चुरडते.
पांढरा चुरा, कागदाच्या घडीतून
थेट जिभेखाली. मग सात मिनिटं
बोलायचं नाही, गिळायचं नाही,
बाकावर बसून राहायचं.
शेवटी मी म्हणते : तोंड उघड. जीभ उचल.
खाली काही उरलं नाही हे बघून
रजिस्टरात खूण करते.

हणमंत शेलार. कांदा-बटाटा मार्केट, माथाडी, पाटणकडचा.
पाठीवर पन्नास किलोची गोण,
कोपराच्या खोबणीत जुन्या सुयांची रांग,
आणि अकरा महिन्यांत एक खाडा नाही.
मार्चमध्ये तो जांभया द्यायला लागला.
नाक गळतंय, अंगावर काटा,
बाकाखाली पाय थारत नाहीत.
"सिस्टर, गोळी लागत नाही."
हे वाक्य मी दोनशे वेळा ऐकलंय.
मी लिहिलं : संशय. लक्ष ठेवणे.

तिथून चारशे पावलांवर, नाल्यापलीकडे
टीबीचं केंद्र. तिथं नजमुन्निसाबाई
त्याच माणसाला रोज दुपारी
तांबड्या गोळ्या देत होत्या.
त्यांच्या वहीत तो हनुमंत एस., वय एक्केचाळीस.
माझ्या वहीत अडतीस.
त्यांनी लिहिलेलं : नशा करतो, भरवसा नाही.
वाशीच्या वॉर्डातल्या डॉक्टरांनी :
पुढच्या वेळी घरचं कोणी आणावे.
समुपदेशकानं : प्रेरणा कमी.
चार वह्या, चार हणमंत,
आणि पाचवा बाकावर, तोंड मिटून.

जिभेखाली फक्त त्याच्याच नव्हतं काही.

इद्रिसनं सगळ्यांना जमवलं.
आठ वर्षं टर्मिनलमधल्या ट्रकांखाली काढलेला इद्रिस,
आता कोऱ्या सुया वाटतो, आणि शिव्या.
त्यानं हणमंतला लघवीचा रंग विचारला होता,
जो मी विचारला नव्हता.

बुधवार, चार वाजता. टीबीच्या खोलीत
वजनकाट्याशेजारी पाच खुर्च्या, एक मोडकी.
डॉक्टर अर्धा तास उशिरा.
समुपदेशक आधी चहावर बोलले, मग हद्दीवर :
हा पेशंट नेमका कुणाच्या खात्यात धरायचा?
इद्रिस म्हणाला,
"आता सगळ्यांनी तोंड उघडा. जीभ उचला."

कुणी हसलं नाही.
नजमुन्निसाबाईंनी वही सरकवली. मी माझी.
बोट ठेवून तारखा जुळवल्या :
चार मार्चला तांबडी गोळी सुरू.
तेरा मार्चला पहिली जांभई.
डॉक्टरांनी चष्मा काढला.
एक औषध दुसऱ्याला खातं, म्हणाले,
पुस्तकात आहे हे.
पुस्तकात होतं.
नाल्याच्या अलीकडे नव्हतं, पलीकडे नव्हतं.

डोस वाढला तोवर एप्रिल उजाडला.
मधल्या दिवसांत तो दोनदा पुलाखाली जाऊन आला,
हे त्यानं नंतर सांगितलं,
कांद्याचा भाव सांगावा तसं.
आणि गेल्या वर्षीचा तो बाबूलाल कनोजिया,
ज्याच्या वह्या कुणीच शेजारी ठेवल्या नाहीत,
त्याचं कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
काढायला हात जातो. काढत नाही.

'संशय' मी खोडला नाही.
रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.
खाली तारीख घालून लिहिलं : चूक माझी. सही.

बुधवार चालू आहे.
कधी पाच जण, कधी नुसत्या आम्ही दोघी.
भांडतो. मोडक्या खुर्चीवर पाळीपाळीनं बसतो.
परवा नवीन मुलगा आला, ऐरोलीचा, एकोणीस वर्षांचा,
तर बाईंचा फोन त्याच्या आधी आला.

हणमंत सात मिनिटं गप्प बसतो.
आठव्याला जीभ उचलून दाखवतो,
तोंड पुसतो, खिडकीत वाकतो.
"बाईंना सांगितलंत, माझी तारीख बदलली ते?"
सांगितलं, मी म्हणते.
"दाखवा."
आणि मी फोन काढून
त्याच्यासमोर धरते.