काटा कुठं आहे

ग्रिम्सबीच्या गोदीवर सदतीस वर्षं
लेनर्ड थर्केटल मासे चिरत आला.
हॅडॉक, कॉड, क्वचित एखादा हॅलिबट.
हात न बघता चालायचा.
वाचायचं म्हटलं तर
दुकानांच्या पाट्या, शर्यतीतल्या घोड्यांची नावं,
त्यापुढं धुकं.

दर मंगळवारी ग्रंथालयाच्या माडीवर
मिस ऑगलबी टाळ्या वाजवून शब्द फोडते.
हे. लि. कॉप. टर.
चार टाळ्या, चार वेळा हनुवटी खाली.
"ही जिभेची फोड," ती म्हणते,
"घास गिळता यावा एवढीच.
अर्थाचा सांधा भलतीकडंच असतो.
हेलिको म्हणजे पीळ,
आणि प्टर, उच्चारताही येत नाही धड,
तो पंख."

लेनर्ड गालात हसतो.
हे त्याला नव्यानं कुणी सांगायला नको.
सुरी आडवी मारली की तुकडे पडतात
एकसारखे, देखणे,
आणि प्रत्येकात काटा.
उभी धरली, कण्याला घासत नेली,
की मासाच सांगतो कुठून सुटायचं.

मग तो खिशातून कागद काढतो.
चार घड्या. वास गेलेला नाही.
शुक्रवारी सगळ्यांनाच मिळाला होता;
बाकीच्यांनी वाचला आणि
कुणी एप्रन काढलं, कुणी भिंतीकडं तोंड केलं.
यानं नुसती घडी घातली.

री. डन. डन. सी.
शेवटची टाळी अर्धीच वाजते.
"शेवटी समुद्र आहे," तो म्हणतो. "सी."
"नाही रे. ते शेपूट,
कुठल्याही शब्दाला चिकटतं.
समुद्र पोटात आहे.
रेड म्हणजे परत. उंड म्हणजे लाट.
कानाला लागत नाही, लिहिलेलं बघ."

तो बघतो.
परत परत येऊन
काठावरून सांडलेलं पाणी.
जास्तीचं.
"म्हणजे मी," लेनर्ड म्हणतो.
मिस ऑगलबीचे हात मांडीवरच राहतात.

पेन्सिल घेऊन तो शब्दात दोन रेघा ओढतो,
तिरक्या,
कल्ल्यामागं सुरी घालावी तशा.
मग बोट वर सरकवतो,
पत्राच्या अगदी पहिल्या शब्दावर.
"आणि हा?"
अन. फॉर. च्यु. नेट. ली.
पाच टाळ्या तो एकटाच वाजवतो,
कागद उजेडाकडं धरून
उलटून पालटून पाहतो.
"नुसतेच काटे," म्हणतो,
"मांस कुठंच नाही.
असला मासा आम्ही
बोटीवरूनच परत टाकायचो."