कोरडा कागद

मत्स्य महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर
आम्हा बावीस जणांत एकच खोली.
चार टेबलं, खोकत छापणारा प्रिंटर
आणि खिडकीत भाट्याची खाडी,
जिच्याकडे बघायला कुणालाच वेळ नाही.

दाराशी तीन डबे. हिरवा, निळा, आणि एक
ज्याचा रंग विचाराल तर सांगता येणार नाही,
त्याच्यावर कायम कुणाचा तरी रेनकोट.
मी जवळचा वापरायचे.
जवळचा म्हणजे हात पोचेल तो.
अर्धा चहा, वडापावचा कागद, कोकमची बाटली,
प्रबंधाचं तिसरं प्रकरण,
सगळं एकाच पोटात.
तिसरं प्रकरण : खाडीतील प्लास्टिक.
हसू नका.

मार्चात एकदा फोनला रेंज मिळेना
म्हणून गच्चीवर गेले,
तर दत्ताराम शिवलकर, आमचे शिपाई,
उकिडवे बसून कागद वाळत घालत होते.
सुकट घालतात तसे, मधे मधे जागा ठेवून,
आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून
प्रत्येकावर कालवाचं एकेक शिंपलं.

"भिजलेला घेत नाय गो भंगारवाला.
म्हणतो, पाण्याचे पैसे कोण देणार?
सुकला की कागद परत कागद."

त्यातला एक माझा.
चहाचा गोल डाग,
समासात सरांची लाल शाई : पुन्हा.
एवढंच.
महिन्यापूर्वी त्या एका शब्दावर
मी रात्रभर रडले होते.
शिंपल्याखालून तोच शब्द
मला निराळा वाचता आला.

जुवेरिया सोलकर,
जूनमध्ये तू माझ्या टेबलावर बसशील.
खुर्चीचा एक पाय आखूड आहे,
खालची घडी काढू नकोस, ते माझं पहिलं प्रकरण.
चहा संपव. उरलाच तर बेसिनमध्ये ओत.
कप कागदाचा दिसतो, पण आतून मेणचट,
त्याला निळ्यात जागा नाही.
पाठकोरे कागद प्रिंटरजवळच्या खोक्यात,
दोन्ही बाजूंनी भरले की मग निळ्यात.
टेबलापासून डब्यांपर्यंत सात पावलं.
मोजली आहेत मी,
आळशी माणसाने मोजावीत तशी, दोनदा.

आणि लक्षात ठेव, जून ते सप्टेंबर
गच्ची असून नसल्यासारखी.
तेव्हा जे भिजलं ते भिजलंच,
शिवलकरांच्या हातातही ऊन नसतं.

दसरा झाला की वर जाऊन बघ.
काका नुसते बसलेले दिसले,
समोर काहीही वाळत नसताना,
खाडीकडे तोंड करून,
तर समज, खोली बरी चालली आहे.

त्यांना चहा नेऊन दे.
स्टीलच्या पेल्यात.