कपाट नंबर चार

किल्ली माझ्याकडे असते.
बाकी सगळं वैरागडे मॅडमकडे :
डिग्री, भिंग, शिक्का,
आणि "जपून हं, सुलोचना" म्हणायचा हक्क.
मी झाडते, डांबरगोळ्या बदलते,
भिंतीला वाळवी चढली की रॉकेल फासते.

पहिल्या कप्प्यात शेण आहे, दगडाचं.
खोटं नाही. उमराव कुमरेच्या मायनं
बावीस वर्षं त्याच्यानं दार अडवलं,
वाऱ्यानं फळी आपटू नये म्हणून.
मॅडम चहाला गेल्या, दगड उचलला,
आणि कपातला चहा निवला.
"आजी, हे डायनासोरचं."
म्हातारी म्हणाली, "असन बापा.
आमच्या तं दाराले पुरते."
बदल्यात दुसरा दगड मागून घेतला तिनं,
हातात तोलून, तेवढ्याच वजनाचा.

त्याचा पातळ काप मॅडमनी भिंगाखाली धरला :
हे बघ, गवत.
मला धुळीचे कण दिसले. मी मान हलवली.
संध्याकाळी म्हशीपुढे पेंढी सोडताना मात्र
हात मधेच थांबला.
ही दावण माझ्या सासऱ्यानं बांधलेली.
तिच्याखालच्या मातीवर
आधी कोण कोण चरून गेलं असेल,
आणि त्यांचं शेण कुणी काढलं असेल.

दुसरा कप्पा नदीचा.
एकच दात, मुठीत न मावणारा.
वाळूच्या ट्रॅक्टरवरचा रितेश नन्नावरे
गमछात बांधून घेऊन आला.
कुठं सापडला, ते सांगेना.
रात्रीची वाळू, तोंड कसं उघडणार.
मॅडमनी मोजला, फोटो पाठवले,
आठ दिवसांनी उत्तर आलं : पाणघोडा.
आमच्या वर्धेत!
जिथं मे महिन्यात शेळी
गुडघा न भिजवता पलीकडे जाते.
मला हसू आलं, मग आलं नाही.
लेबलवर जागेची ओळ कोरी आहे.
मॅडम म्हणतात, ठिकाण नाही
म्हणजे अर्धाच दात आहे आपल्याकडे.

तिसऱ्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवच्या,
नखाएवढ्या. एकीला भोक आहे,
अगदी मधोमध. कुणीतरी ओवली होती.
ती पुसताना माझा दुसरा हात
आपोआप डोरल्याकडे जातो.

चौथा कप्पा मी मॅडम नसताना उघडते.
त्यात गिधाड आहे.
कापूस भरलेलं, मान वाकडी,
पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, निळी शाई :
*नर. मौजा टेंभुरडोह. मेलेल्या बैलावर.
१३ फेब्रुवारी १९६१.*
टेंभुरडोह माझं माहेर.
ढोरं टाकायच्या त्या जागी
शाळेतून येताना नाक दाबून आम्ही पळायचो,
आणि ते पंख फुटायचे,
ओली सतरंजी झटकावी तसा आवाज.
मग कुठल्या वर्षी थांबला, आठवत नाही.
कुणी पाहिलंच नाही थांबताना.
माझ्या लेकानं गिधाड मोबाइलमध्ये पाहिलं,
म्हणाला, "आई, हे आफ्रिकेतलं ना?"

चिठ्ठीवर अजून एक ओळ आहे.
*थव्यात १४०.* ते खोडून वर *१४३*.
तीन जास्त.
म्हणजे तो माणूस, कोण होता कुणास ठाऊक,
नाकाला रुमाल लावून, फेब्रुवारीच्या उन्हात
परत पहिल्यापासून मोजत बसला.

परवा रितेश आला, मॅडम नागपूरला होत्या.
टेबलापाशी घुटमळला.
"काकू, मॅडमले नोका सांगू.
बोरीच्या डोहाखाली, नदी वळते ना,
जुन्या मसणवटीच्या अंगानं. दोन पुरुस खोल."
दोन का तीन, मी विचारलं.
तो छताकडे बघत राहिला,
हातानं हवेत खोली मापली.
"अडीच धरा."

लेबलवर लिहायचा मला अधिकार नाही.
मी पेन्सिलीनं लिहिलं.
दोन खोडलं, वर अडीच केलं,
आणि कप्पा लावून घेतला.